‘शुभे’ गळालेला फ्लेक्स

तनुजा कानगुडेला दिवस गेल्याची बातमी तिच्या सख्ख्या आईच्या आधी पक्षाला कळली. यात कुणाचा दोष नव्हता. सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, ती फक्त आपल्या थोरल्या बहिणीला सांगितली होती. पण त्या सोजरबाईंना ऐकू कमी येत असल्याने फोनवर जरा खच्चून सांगावी लागली. व्हरांड्यात त्या वेळी पक्षाचे कार्यकर्ते चहा पीत बसले होते आणि त्यांना ऐकू उत्तम येत होतं.

तनुजा चारचौघींसारखी नोकरी करणारी बाई असती तर पेढे वाटून विषय संपला असता. पण ती कोथरूडची माजी नगरसेविका. महापालिकेच्या सभागृहात माईक बंद केला तरी जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा ती, आणि पाणीकपातीवर टीव्हीच्या चर्चेत समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायची, पण दुसरं सुरू करू द्यायची नाही ती. ‘माजी’ या शब्दावर तिचा राग होता. ती काही हरली नव्हती. मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच हरवली. आता ती सापडली होती, आणि नेमकी तनुजाच्या आठव्या महिन्यात मतदान येईल अशी सापडली होती.

मग शहाळी यायला लागली. गरोदर बाईला शहाळं द्यावं हे पुण्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण पक्षातल्या माणसांनी इतकी आणली की कानगुड्यांच्या जिन्याखाली कोकणातली वखार उघडल्यासारखं दिसू लागलं. प्रत्येक शहाळ्याबरोबर एक वाक्य यायचं. ताई, आता विश्रांती घ्या. प्रभागातल्या ड्रेनेजसाठी गेली तीन वर्षं तिचा फोन न उचलणारी माणसं तिच्या झोपेची चौकशी करू लागली. ज्यांना स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणाची तारीख आठवत नव्हती त्यांना तनुजाची पाठ होती, कारण ती मतदानाला किती जवळ पडते ते त्यांनी कॅलेंडरवर बघून ठेवलं होतं.

शहराध्यक्ष तात्याराव स्वतः आले तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात अख्खा घड होता.

“ताई, आपण आता फक्त स्वतःकडे बघायचं,” तात्याराव सोफ्यावर टेकत म्हणाले. “पक्ष काय, आज आहे, उद्या आहे.”

“आणि परवा?”

“परवाही आहेच की. पक्ष कुठे जातोय?”

“मग मीही आहेच, तात्या. सातव्या महिन्यात माणूस फार लांब जात नाही.”

तात्याराव हसले. हसताना डोळे न हलवण्याची कला त्यांनी तीस वर्षं राजकारणात घासून मिळवली होती. “जागा महिलेसाठी राखीव आहे,” ते म्हणाले. “ती आपल्याच घरात ठेवू. आपल्यातलंच एखादं नाव बघू. आपल्याला प्रदेशावर सल्लागार करू. सल्ला काय, झोपूनही देता येतो.”

ते गेल्यावर तनुजाने तो घडही जिन्याखाली ठेवायला सांगितला. तिला तिकीट हवं होतं. ते तिने कमावलं होतं आणि ते तिचंच होतं. पण तात्याराव बोलून गेले ते नेमकं तिच्या दुखऱ्या जागी लागलं होतं. मागच्या निवडणुकीत, ऐन प्रचारात, तिसऱ्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. नवरा अनिरुद्ध, सासूबाई आणि डॉक्टर सोडून कुणाला हे माहीत नव्हतं; पक्षाला तिने कणकण आहे एवढंच कळवलं होतं. त्यानंतर आठ वर्षं काही राहिलं नाही. त्या आठ वर्षांत तिला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, म्हणून ते काम तिने स्वतःच केलं होतं.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टर सोहोनी बाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. वर पोचलेल्या पेशंटची प्रकृती ठीक आहे असं बाई धरूनच चालतात.

“प्रचार करू का?” तनुजाने विचारलं.

“मत कुणाला द्यायचं ते मला विचारू नका. चालायचं किती ते विचारा. चाला. उन्हात उभं राहून आरडाओरडा करू नका. तसंही तुमचं भाषण तासाभराचं नसलं तर लोकांचं बरंच होईल.”

“मागच्या वेळी…”

“मागच्या वेळचं तुमच्या धावपळीमुळे झालं नव्हतं. हे मी तेव्हाच सांगितलंय. पलंगावर झोपून राहिला असतात तरी ते व्हायचंच होतं.” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “किती वेळा सांगायचं?”

“अजून एकदा सांगा,” तनुजा म्हणाली. बाईंनी, चिडत का होईना, पुन्हा सांगितलं.

एवढ्या सगळ्या काळजीवाहूंमध्ये एकच माणूस तिला खरा वाटत होता, तो म्हणजे शंभू पायगुडे. तिचा उजवा हात. कॉलेजातून उचलून तिनेच त्याला राजकारणात आणला. तिचा फोन, तिची गाडी, तिच्या भेटीगाठी, सगळं त्याच्याकडे. त्यानेही विश्रांतीचं पालुपद लावलं होतं, पण त्याच्या तोंडी ते तिला भावाचं वाटायचं. डोहाळजेवणाची कल्पना त्याचीच.

“ताई, असं डोहाळजेवण करू की कोथरूड बघत राहील. रविवारी, सकाळी अकराला, कार्यालय बुक केलंय.”

“रविवारी मुलाखती आहेत ना रे?”

“आपल्या प्रभागाची सोमवारी लागलीय ताई. मी विचारूनच मुहूर्त काढला.”

पक्षाकडे उमेदवारी मागणारा अर्ज तिने स्वतः जाऊन भरला होता. राहिली होती ती पक्षाची मुलाखत. जे वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात त्यांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसून पहिल्यांदाच भेटल्यासारखं बोलायचं, असा तो कार्यक्रम असतो. मुलाखतीला जो नाही तो शर्यतीत नाही. तनुजाने सोमवार डोक्यात पक्का केला आणि रविवारी हिरवी साडी नेसली.

कार्यालय खरोखर बघण्यासारखं सजलं होतं. फुलांनी मढवलेला झोपाळा. तनुजाच्या अंगावर फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा. तिला सभागृहातला राजदंड पळवायचा अनुभव होता. झोपाळ्यावर गप्प बसायचा नव्हता. समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तनुजाने दोन्ही उघडल्या. दोन्हींत पेढे होते. शंभूने कुठलीच गोष्ट नशिबावर सोडली नव्हती.

आणि झोपाळ्यामागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय पुण्यात कुत्र्याचाही वाढदिवस होत नाही, मग हे तर नगरसेविकेचं डोहाळजेवण. तनुजाचा फोटो पाणी मोर्चातला होता, मूठ वळलेली, तोंड उघडं. शेजारी इंटरनेटवरून उचललेलं निळ्या डोळ्यांचं बाळ, जे कानगुड्यांच्या सात पिढ्यांत कुणी बघितलेलं नाही. वर ‘आमच्या लाडक्या तनुजाताईंना डोहाळजेवणाच्या हार्दिक शुभेच्छा’. खाली शंभूची बायको पूर्णिमा हात जोडून उभी, आणि तिच्या डोक्यावर लाल ठळक अक्षरांत एक शब्द.

तो शब्द पहिल्यांदा वाचला सोजरबाईंनी. मुळशीकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या सोजरबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि उतारवयात साक्षरता वर्गाला गेल्यापासून समोर येईल ते मोठ्याने वाचत.

“इ… च्छु… क. इच्छुक. सौ. पूर्णिमा शंभू पायगुडे.” त्या बहिणीकडे वळल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जाई. “आनंदे, ह्या पोरीलाबी पोर पायजे हाय व्हय? मग येकटीच का लिवलंय? आन् लगीन होऊन किती वरसं झाली गं तिला?”

सगळं कार्यालय हसलं. कुणीतरी म्हणालं, “मावशी, ते शुभेच्छुक असतं. छापणाऱ्याने शुभे खाल्लं.” पुन्हा हशा झाला. झोपाळा ढकलणाऱ्या बायकांना इतकं हसू आलं की झोपाळा थांबला.

तनुजा हसली नाही. कोथरूडमध्ये या दोन शब्दांचा घोळ कुणी सहज करत नाही. शुभेच्छुक म्हणजे ज्याला फ्लेक्सवर फुकट फोटो हवा तो. इच्छुक म्हणजे ज्याला तिकीट हवं तो. छापणाऱ्याने शुभे खाल्लं नव्हतं. त्याच्याकडे पूर्णिमाच्या फोटोवर ‘इच्छुक’ लिहिलेला दुसरा एक फ्लेक्स आधीच तयार असणार, आणि त्यावरचा फोटो त्याने शब्दासकट इथे उचलला असणार.

“शंभू कुठे आहे?” तिने अनिरुद्धला विचारलं.

“बर्फ आणायला गेलाय. तुझी गाडी घेऊन.”

“आणि पूर्णिमा?”

अनिरुद्धने इकडेतिकडे पाहिलं. फ्लेक्सवर हात जोडून उभी असलेली पूर्णिमा सोडली तर दुसरी पूर्णिमा कार्यालयात नव्हती. डिसेंबरात बर्फ कशाला लागतो, हा प्रश्नही त्याला आत्ताच पडला.

तनुजाने झोपाळ्यावरूनच पक्ष कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस तिचा आवाज ऐकून गडबडला. “ताई, अभिनंदन… म्हणजे, तब्येत कशीये? हो, आपल्या प्रभागाच्याच चालू आहेत. आजच आहेत. तुम्ही विश्रांतीसाठी माघार घेतली असं शंभूदादांनी सांगितलं. फार वाईट वाटलं बघा ताई.”

तिने फोन ठेवला आणि मुकुटाला हात घातला, काढायला. आनंदीबाईंनी तो हात धरला. या बाईने आठ वर्षांत सुनेला ना उपदेश केला होता ना दोष दिला होता, आणि या गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यायचा ते तनुजाला कधी कळलं नव्हतं.

“फुलं काढायला वेळ घालवू नकोस,” आनंदीबाई म्हणाल्या. “तशीच चल. मी येते.”

पुण्यातला रिक्षावाला फुलांचा मुकुट घातलेल्या गरोदर बाईलाही आधी “कुठे?” विचारतो आणि मग “नाही” म्हणतो. तिसऱ्या रिक्षावाल्याने तनुजाला टीव्हीवर पाहिलं होतं. वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखून त्याने मीटर टाकलं.

शहर कार्यालयाच्या बोळात तनुजाची स्वतःची गाडी उभी होती. आत मुलाखतीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तात्याराव मध्ये, दोन्ही बाजूंना मुंबईहून आलेले दोन निरीक्षक, समोर पूर्णिमा, आणि पूर्णिमाला शब्द कमी पडू नयेत म्हणून शेजारी शंभू.

“वहिनी, प्रभागातल्या मुख्य समस्या कोणत्या?” एका निरीक्षकाने विचारलं.

“पाणी, कचरा आणि वाहतूक,” शंभू म्हणाला.

“आम्ही वहिनींना विचारलं.”

“हो, त्यांचंच मत सांगतोय.”

“बरं. घरची काही अडचण, वहिनी? असली तर आत्ताच सांगा. त्या आधीच्या ताईंसारखं मध्येच काही निघायला नको.”

एवढ्या वेळात पहिल्यांदाच पूर्णिमाचा आवाज आला. “मला तिसरा महिना लागलाय.”

शंभू खुर्चीतच तिच्याकडे वळला.

“कधी?” शंभूने विचारलं.

“परवा कळलं. तुम्ही फ्लेक्सच्या गडबडीत होता.”

शंभू कच्च्या गुरूचा चेला नव्हता. संकटात दोन श्वासांच्या आत बोलायला लागायचं हे त्याला तनुजानेच शिकवलं होतं. “मग त्यात काय एवढं!” तो टेबलावर हात आपटून म्हणाला. “साहेब, गरोदरपण म्हणजे काय आजार आहे का? आजकाल बायका विमानं उडवतात. आपण कुठल्या जमान्यात आहोत? आमच्या तनुजाताईंचंच उदाहरण घ्या. सातव्या महिन्यात सुद्धा…”

दार उघडलं आणि सातवा महिना आत आला.

“बोल की,” तनुजा म्हणाली. “छान चाललं होतं. मला एवढं मुद्देसूद जमलं नसतं.”

शंभू उठला आणि त्याने तिला खुर्ची दिली. सवय लवकर जात नाही. तात्यारावांची नजर तिच्या मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत गेली आणि कुठे थांबावं हे न कळून छताला लागली.

“ताई! अहो, आपण कशाला आलात अशा अवस्थेत?”

“मुलाखतीला. मी माघार घेतलीय म्हणे. मलाच सांगायचं राहिलं वाटतं.”

“आमचा हेतू फक्त काळजीचा होता. प्रचार, दगदग… प्रभागाला आपण वेळ कसा देणार?”

“मागच्या निवडणुकीत इंद्रजीतभाऊ येरवड्याला होते, तात्या. नातेवाइकांकडे नव्हे, आत. तिथूनच त्यांनी अर्ज भरला आणि पक्षाने त्यांच्या फोटोची मिरवणूक काढली. प्रभागाला वेळ कसा देणार, हे त्यांना कुणी विचारलं होतं? त्यांना नाही कुणी शहाळी नेऊन दिली.”

एका निरीक्षकाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं.

“ते प्रकरण वेगळं,” तात्याराव म्हणाले. मग ते पुढे झुकले आणि आवाज मऊ करून म्हणाले, “ताई, वडिलकीच्या नात्याने विचारतो. खरंच झेपेल?”

तनुजाने रिक्षात बरंच काही ठरवलं होतं. पाण्याच्या टाक्यांचं काम, मागच्या वेळचं मताधिक्य. त्यातलं तिला काहीच आठवलं नाही.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “रोज वाटते. पण झेपेल का, हे विचारायची तुमची वेळ चुकली, तात्या. मागच्या प्रचारात मी तुम्हाला फोन केला होता. दोन दिवस विश्रांती द्या म्हणाले होते. आठवतं?”

“असेल. प्रचारात किती फोन येतात…”

“तुम्ही म्हणालात, तासाभराची तर सभा आहे ताई, निवडणूक झाली की विश्रांतीच विश्रांती. मी आले. तुम्ही स्टेजवर माझा हात वर करून सांगितलंत, ही आमची वाघीण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशी माझं मूल गेलं होतं.”

शंभूची मान खाली गेली. त्या सभेला गाडी त्यानेच चालवली होती आणि ताई आज एवढ्या गप्प का, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. दारात उभ्या असलेल्या आनंदीबाई पुढे आल्या आणि त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांच्या गप्प बसण्याचा अर्थ त्या हातात होता, आणि त्यात तनुजाला ज्याची भीती वाटत आली होती तो दोष नव्हता. तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं आणि डोळे पुसून मगच बोलली.

“ते मी स्टेजवर आले म्हणून गेलं नाही. डॉक्टर सांगतात, आणि आता मीही स्वतःला सांगते. पण त्या दिवशी मला विश्रांती हवी होती आणि तुमच्याकडे नव्हती. आज मला तिकीट हवंय तर तुम्ही विश्रांती घेऊन बसलायत. ते दोन दिवस द्यायचेच असतील तर बाळंत झाल्यावर द्या, घेईन मी. आज तिकीट द्या.”

तिकीट तिला मिळालं. तात्यारावांना पाझर फुटला असं समजायचं कारण नाही. हीच बाई हेच सगळं टीव्हीवर बोलली तर काय होईल, हे मुंबईच्या निरीक्षकांनी एकमेकांकडे पाहून मनातल्या मनात बघून घेतलं आणि तिचं नाव वर पाठवलं. बाहेर पडताना तात्यारावांनी पत्रकारांना सांगितलं की आमचा पक्ष मातृशक्तीचा आदर करतो. तेवढं त्यांना जमलं.

शंभू तोंड लपवत गाडीने पुढे निघून गेला. परतीच्या रिक्षात तनुजा आणि आनंदीबाईंच्या मध्ये पूर्णिमा बसली. बराच वेळ ती फुलांच्या कंबरपट्ट्यातून गळणाऱ्या शेवंतीच्या पाकळ्या गोळा करत होती.

“ताई, मला निवडणुकीची इच्छा नव्हती हो,” शेवटी ती म्हणाली. “मला उत्तरंसुद्धा पाठ झाली नाहीत. मला ह्याची होती.” तिने पोटावर हात ठेवला. “चार वर्षं. कुणी विचारलंच नाही.”

कार्यालयात पंगती सुरू झाल्या होत्या. तनुजाने पूर्णिमाला हाताला धरून झोपाळ्यावर आपल्या शेजारी बसवलं, आणि आपल्या डोक्यावरचा मुकुट काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तिसऱ्या महिन्यात डोहाळजेवण करत नाहीत, असं दोघीतिघी म्हणाल्या. सोजरबाईंनी ऐकलं नाही.

“म्या सकाळीच म्हनलं न्हाई का?” त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. “तितं लिवलेलंच हाय की!”

झोपाळ्यामागे शंभू शिडीवर चढला होता. पांढऱ्या कागदावर त्याने लाल स्केचपेनने ‘शुभे’ लिहून आणलं होतं आणि चिकटपट्टी दातात धरून तो जागा शोधत होता. तनुजाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

“ताई,” तो फ्लेक्सकडेच तोंड करून म्हणाला, “इथे लावू का?”

“नको, उतर खाली,” तनुजा म्हणाली. “तिच्या नावावर बरोबरच आहे ते. शुभे तुझ्या खिशात ठेव, उद्यापासून प्रचाराच्या फ्लेक्सवर तुझ्या नावाला लागेल.”